अभ्यासवन आणि लोक



शिरपूरला वसंत दोन रूपांनी येतो. गावात तो उन्हाच्या झळा घेऊन येतो आणि उत्तरेला काही कोसांवर सातपुड्यात पळस फुलवतो, मोहाखाली पहाटे फुलांचा सडा घालतो. गावातल्या माणसाला पहिला वसंत पुरेपूर भेटतो. दुसरा भेटतो तो आग्रा रस्त्याने पळासनेरकडे जाताना, मोटारीच्या खिडकीतून. रान इतके जवळ असून आपला त्याच्याशी परिचय इतका थोडा का, आणि तो कोणत्या वाटेने वाढवता येईल, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

रानाचे तीन प्रकार आपल्या ओळखीचे आहेत. पहिले सरकारी राखीव रान. तिथे जायचे तर परवानगी, आणि परवानगीवाचून गेले तर दंड. दुसरी देवराई. तिथे देवाच्या धाकाने कुऱ्हाड थांबते. तिसरी बाग. तिथे झाड माणसाच्या सोयीने उभे असते आणि माळ्याच्या कात्रीने वाढते. या तिन्हींहून वेगळा असा एक चौथा प्रकार जगात काही ठिकाणी शंभर वर्षांपासून रूढ आहे. एखादे विद्यापीठ आपल्या ताब्यात काही हजार एकर रान ठेवते, त्यात पिढ्यान्‌पिढ्या मोजमापे आणि प्रयोग चालवते, आणि त्याच रानाच्या वाटा गावातल्या माणसांना हिंडाफिरायला मोकळ्या ठेवते. यास आम्ही अभ्यासवन म्हणू.

प्रथम अभ्यासाची बाजू पाहू. कपाशीवरचा प्रयोग एका हंगामात आटोपतो. चुकला तर पुढल्या हंगामात पुन्हा करता येतो. झाडाचे तसे नाही. साग लावल्यापासून तोडीला येईपर्यंत साठ ते ऐंशी वर्षे लागतात. ज्याने रोप लावले त्याला लाकूड पाहायला मिळत नाही. त्यामुळे वनाच्या अभ्यासात हुशारीपेक्षाही चिकाटीची वही अधिक मोलाची ठरते. रानाचा एक तुकडा आखून घ्यायचा, त्यातल्या प्रत्येक झाडाला क्रमांक द्यायचा, जमिनीपासून साडेचार फुटांवर खोडाचा घेर मोजायचा आणि ठराविक वर्षांनी तोच घेर पुन्हा मोजायचा. काम इतके साधे आहे की ते कुणीही करील. आणि इतके लांबणारे आहे की कुणा एकाच्याने ते होणार नाही. माणसे बदलली तरी वही न बदलणारी संस्था त्याला लागते. डेहराडूनची वनसंशोधन संस्था १९०६ साली स्थापन झाली ती याच जाणिवेतून. १९९१ साली तिला विद्यापीठाचा दर्जा मिळाला, आणि आज तिथे विद्यार्थ्यांबरोबर सामान्य प्रवासीही संग्रहालये पाहायला व सावलीत फिरायला जातात.

वही खरी असणे किती महत्त्वाचे आहे, याचे उदाहरण शोधायला आपल्याला खानदेशाबाहेर जावे लागत नाही. रानपिंगळा नावाचे एक लहानसे घुबड आहे. १८७३ साली ह्यूम या पक्षिशास्त्रज्ञाने त्याचे शास्त्रीय वर्णन केले. पुढे १८८४ पर्यंत जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्याने खानदेशात त्याचे काही नमुने मिळवले. त्यानंतर हा पक्षी जणू नाहीसाच झाला. मात्र एका संग्रहात १९१४ सालचा, गुजरातेतल्या तापीकाठच्या मांडवीचा म्हणून एक नमुना होता. रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या प्रतिष्ठित संग्राहकाच्या हातची त्यावर चिठ्ठी होती. पुढे उघडकीस आले की चिठ्ठी खोटी होती. दुसऱ्याने जमवलेला जुना नमुना चोरून त्यावर नवे गाव आणि नवी तारीख घालण्यात आली होती. त्या चिठ्ठीवर विश्वासून शोधणाऱ्यांनी नको त्या जागी श्रम केले. अखेर पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांनी ती चिठ्ठी बाजूला ठेवली, जुन्या खऱ्या नोंदींची गावे धरली, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याला रानपिंगळा त्यांना दिसला. मधे ११३ वर्षे गेली होती. आणि हा पक्षी दिवसाउजेडी वावरणारा, उघड्या फांदीवर बसणारा! शहादा आपल्याला परके नाही. त्या ११३ वर्षांत त्या रानातून माणसे गेली नसतील असे कोण म्हणेल? पाहणारे डोळे होते. पाहिलेले लिहून ठेवणारी वही नव्हती. अभ्यासवन हवे ते यासाठी.

आता लोकांची बाजू. इथे शहाण्या माणसाच्या मनात शंका येते. जिथे प्रयोग चालू आहे तिथे लोकांना सोडले तर प्रयोगाचे वाटोळे होणार नाही काय? पोरे खुणेच्या पट्ट्या काढून नेतील, सहलीची मंडळी चूल पेटवतील, कागद आणि बाटल्या मागे राहतील. ही शंका खोटी नाही. आपल्या गडांवर आणि तीर्थस्थळी काय चालते ते आपण पाहतोच. पण ज्यांनी हे करून पाहिले त्यांचा अनुभव काय, हे आधी समजून घेतले पाहिजे.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यात ड्यूक विद्यापीठाचे रान आहे, सुमारे ७,००० एकरांचे. १९३१ साली ते अभ्यासासाठी राखले गेले आणि क्लॅरेन्स कोर्स्टियन हे त्याचे पहिले संचालक झाले. हे मूळचे घनदाट अरण्य होते असे कुणी समजू नये. त्यातला बराचसा भाग पिकून पिकून निकस झालेल्या, मालकांनी टाकून दिलेल्या शेतांचा होता. अशा शेतात आधी गवत येते, मग सूचिपर्णी झाडे, आणि त्यांच्या सावलीत पुढे पानझडी वृक्ष कसे शिरतात, हा वनशास्त्रातला गाजलेला अभ्यास अशाच जमिनींवर झाला. पुढे १९९६ पासून २०१० पर्यंत तिथे आणखी एक मोठा प्रयोग चालला. हवेतला कर्बवायू वाढला तर झाडांचे काय होईल, हा प्रश्न होता. त्यासाठी उभ्या रानात ३० मीटर व्यासाची रिंगणे आखली, भोवती मनोरे उभारले आणि त्यांतून वर्षानुवर्षे जादा वायू सोडला. झाडे जोमाने वाढली. पण जिथे मातीत नत्र कमी तिथे तो जोमही कमी, असे दिसून आले. झाडे लावली की हवेची काळजी मिटली, असे मानणाऱ्यांना या प्रयोगाने जमिनीकडे पाहायला लावले.

याच रानाच्या वाटांवरून त्याच काळात लोक फिरत होते, धावत होते, मुलांना आणत होते. हे जमले कसे? नियम थोडे आहेत आणि ते पाळले जातात. मोटारी फाटकाबाहेर राहतात. कुत्रा दोरीने बांधलेला असावा लागतो. आखलेली वाट सोडायची नाही. हरणांची संख्या आटोक्यात ठेवण्याचे काम चालते त्या हंगामात रानाचे काही भाग आठवड्यातले पाच दिवस लोकांना बंद असतात, आणि ते आधी जाहीर होते. म्हणजे मोकळीक आहे, पण सर्व ठिकाणी नाही आणि सर्व काळी नाही. घर पाहुण्याला मोकळे असते, म्हणून पाहुणा देवघरात जोडे घालून जात नाही, तसेच हे.

लोकांना वाट दिल्याने आणखी एक गोष्ट घडते, आणि तीच आमच्या मते सर्वांत महत्त्वाची आहे. ऑरेगन राज्यात कॉर्व्हालिस नावाचे गाव आहे. तिथल्या राज्य विद्यापीठाचे मॅक्डोनल्ड-डन नावाचे सुमारे ११,००० एकरांचे अभ्यासवन गावाला लागूनच आहे. वर्षाकाठी लोक तिथे लाखाहून अधिक फेऱ्या मारतात. २०१९ साली विद्यापीठाने या रानातल्या सुमारे १६ एकरांवर तोड केली. त्यात फार जुनी झाडे गेली. एकाचे वय तर ४२० वर्षांच्या आसपास निघाले. रोज तिथे फिरणाऱ्यांना आपल्या वाटेवरची झाडे ओळखीची होती. ती दिसेनाशी होताच त्यांनी विचारणा केली आणि वृत्तपत्रांतून गाजावाजा झाला. वनशास्त्र विभागाच्या तत्कालीन प्रभारी प्रमुखांनी ही तोड चूक होती असे जाहीरपणे मान्य केले, आणि १६० वर्षांवरच्या झाडांची तोड थांबवली. त्या रानाला कुंपण असते आणि आत फक्त तज्ज्ञ जात असते, तर ती झाडे कुणाच्या लक्षातही आली नसती. विद्वान मंडळीही पैशाच्या गरजेपुढे वाकतात. त्यांच्यावर कुणाची नजर असलेली बरी. रानात हिंडणारा माणूस आपण समजतो तसा उपद्रवी पाहुणाच असतो असे नाही. रोज येऊ लागला की तो साक्षीदार होतो.

परदेशचे हे झाले. आपल्या महाराष्ट्रात या चौथ्या प्रकाराचे अंकुर आहेत काय? आहेत, पण विखुरलेले. पुण्यात गणेशखिंडीला राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या ताब्यात एक जुनी बाग आणि फळसंशोधन केंद्र आहे. शतकाहून जुने आंबे तिथे उभे आहेत. २०२० साली राज्यशासनाने त्या जागेला जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित केले. तिच्या शेजारच्या पुणे विद्यापीठाच्या आवारात पहाटे फिरणाऱ्यांची रीघ लागते. कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ १९६२ साली ८५३ एकरांच्या जागेवर उभे राहिले. तो तेव्हा माळ होता. आज तिथे झाडी, तळी आणि वनस्पतिउद्यान आहे, आणि कोल्हापूरकरांना ती आपली फिरण्याची जागा वाटते. दापोलीच्या कृषी विद्यापीठात वनशास्त्राचे स्वतंत्र महाविद्यालय आहे. आपल्या खानदेशाचे विद्यापीठ १९९० साली जळगावजवळ बांभोरीला गिरणेच्या काठी स्थापन झाले. २०१८ पासून ते कवयित्री बहिणाबाई चौधरी यांच्या नावाने ओळखले जाते. त्याला शेकडो एकर जागा आहे. धुळ्याला कृषी महाविद्यालय आहे. कुठे अभ्यास आहे, कुठे फिरणे आहे; पण तीच जागा, तीच वही आणि तीच माणसे असा मेळ अजून बसलेला नाही. पहाटे फिरायला येणाऱ्याला आत काय मोजले जाते ते ठाऊक नसते, आणि मोजणाऱ्याला हा फिरणारा माणूस आपल्या कामाचा आहे असे वाटत नाही.

मग खानदेशात असे वन असावे काय? असावे, आणि ते सातपुड्याच्या पायथ्याला असावे, असे आमचे मत आहे. त्याची तीन कारणे सांगतो.

पहिले कारण अंजन. खानदेशच्या उन्हाला पुरून उरणारे हे झाड. त्याचे लाकूड इतके जड की पाण्यात टाकले तर बुडते. त्याचा पाला गुरांना चालतो, सालीचा दोर होतो. खडकाळ जमिनीत त्याचे सोटमूळ खोल उतरते, आणि जिथे दुसरे झाड धरत नाही तिथे अंजन उभा राहतो. भारतीय वनांचे वर्गीकरण करणाऱ्या चँपियन आणि सेठ यांनी १९६८ साली अंजनाच्या रानाला स्वतंत्र नाव दिले. पण अंजन दरवर्षी भरपूर बी धरत नाही, आणि उगवलेले रोप चराईतून व वणव्यातून वाचून मोठे होणे अवघड असते. किती वर्षे गुरे आवरली तर अंजनाची नवी पिढी उभी राहते? हा प्रश्न शिरपूरच्या मातीतच सोडवला पाहिजे. त्याचे उत्तर डेहराडूनहून मागवता येणार नाही.

दुसरे कारण पाणी. या तालुक्याला पाण्याची कथा सांगण्याची गरज नाही. तापीच्या गाळाच्या प्रदेशात विहिरी खोल खोल गेल्या. २००४ पासून भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली नाले रुंद व खोल करून, त्यांवर सिमेंटचे बांध घालून पाणी जिरवण्याचे जे काम झाले, ते ‘शिरपूर पॅटर्न’ या नावाने महाराष्ट्रभर गेले. पण नाल्यात येणारे पाणी येते डोंगरावरून. झाडी असलेला डोंगर आणि उघडा डोंगर पाऊस सारखाच सोडतात काय? पूर कोणाचा मोठा, आणि दिवाळीनंतर झरा कोणाचा टिकतो? हे जाणण्याची पद्धत साधी आहे. शेजारशेजारचे दोन लहान नाले निवडायचे, दोघांच्या तोंडाशी खाच असलेली भिंत घालून वाहते पाणी मोजायचे, वर पर्जन्यमापक ठेवायचे. काही वर्षे दोन्हींचा स्वभाव पाहून घ्यायचा. मग एका नाल्याच्या पाणलोटात चराई आणि तोड थांबवायची, दुसरा आहे तसा ठेवायचा, आणि मोजत राहायचे. दहा-पंधरा वर्षांनी जो आकडा हाती येईल तो शिरपूरच्या प्रत्येक शेतकऱ्याच्या कामाचा असेल. आज या विषयावर आपण सगळेच ठासून बोलतो. कोणी झाडांमुळेच पाणी म्हणतो, कोणी बांधांमुळेच म्हणतो. मोजलेला आकडा असला म्हणजे वादाला तळ सापडतो.

तिसरे कारण आपली मुले. तालुक्यातच अनेर धरणाचे अभयारण्य आहे, १९८६ साली जाहीर झालेले, सुमारे ८३ चौरस किलोमीटरांचे. मोसंबी आणि कापूस ओळखणारे आपले विद्यार्थी धावडा आणि सालई ओळखतात काय? ओळखत नसतील तर दोष त्यांचा नाही. जिथे बोट धरून नेता येईल, झाडावरचा क्रमांक दाखवता येईल आणि ‘हा घेर गेल्या वर्षी इतका होता, आता तू मोज’ असे म्हणता येईल, अशी जागाच आपण त्यांना दिलेली नाही. अभयारण्य हे श्वापदांचे घर. तिथे शाळा भरवता येत नाही. त्यासाठी रानाच्या कडेची, थोडी उजाड, थोडी झाडीची अशी वेगळी जागा हवी.

आता एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. सातपुडा रिकामा नाही. त्यात पावरा आणि भिल्ल समाजाची गावे आहेत. त्यांना रान म्हणजे मोहफुले, टेंभुर्णीची पाने, डिंक, चारोळी, सरपण आणि कंद. २००६ सालच्या वनहक्क कायद्याने वैयक्तिक शेतीचे हक्क दिले तसे ग्रामसभेला सामूहिक वनावरचे हक्कही दिले. शहरातल्या माणसाला रविवारी फिरायला जागा हवी म्हणून डोंगरातल्या बाईची मोळी बंद झाली, तर तसले अभ्यासवन आम्हाला नको. ज्या रानात बाहेरच्याला मुभा आणि आतल्याला मज्जाव, तिथे वणवा विझवायला कोण धावून येईल? ग्रामसभेच्या संमतीवाचून एक एकरही आखू नये, गावच्या तरुणांनाच मोजणीचे पगारी काम द्यावे, आणि झाडांची नावे आधी पावरी व भिली बोलीत विचारावीत, मग पुस्तकात शोधावीत.

हे केवळ बोलण्यापुरते आहे असे कुणास वाटेल, म्हणून आपल्याच धुळे जिल्ह्यातले बारीपाडा पाहा. साक्री तालुक्यातले हे कोकणी आदिवासींचे लहानसे गाव. १९९० नंतरच्या वर्षांत चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी सुमारे ११०० एकर रान राखायला घेतले. तोडीला दंड ठरवला, राखणदार नेमले, पाणी अडवले. रान परतले, विहिरींना पाणी आले. २००४ पासून तिथे रानभाज्यांची स्पर्धा भरते. गावच्या बाया रानातल्या भाज्या रांधून मांडतात आणि दुरून आलेली माणसे त्या पाहतात, चाखतात. देशातले आणि परदेशातले अभ्यासक तिथे राहून गेले आहेत. २०२५ साली चैत्राम पवारांना पद्मश्री मिळाली. बारीपाड्याला विद्यापीठ नव्हते, तरी रान, अभ्यास आणि पाहुणे या तिन्हींची सांगड तिथे बसली. कारण मालकी गावाची होती आणि नियम गावाचे होते. त्यात उणीव एकच, दीर्घकाळच्या मोजणीची. ती भरून काढणे हेच विद्यापीठाचे काम. आणि विद्यापीठाजवळ जे नाही, ते म्हणजे रोजची राखण, ते गावाजवळ आहे.

तेव्हा आमची सूचना मोठी नाही. आरंभ हजारो एकरांनी करू नये. शंभर एकर पुरे. जागा डोंगरपायथ्याची, ग्रामसभेने आपण होऊन दिलेली. वन खाते, विद्यापीठ, कृषी महाविद्यालय आणि ग्रामसभा यांची एक समिती असावी आणि तिच्या बैठका गावात व्हाव्यात. रानाचे तीन भाग करावेत. एक सर्वांना सदैव मोकळा. दुसरा पावसाळ्यात आणि पाखरांच्या विणीच्या दिवसांत बंद. तिसरा केवळ मोजणीचा. तिथे शिक्षकाबरोबर विद्यार्थ्यांनीच जावे. भोवती जाळरेषा असावी आणि ती दर वर्षी फाल्गुनापूर्वी साफ व्हावी. उपाहारगृह, पाळणे, विजेची रोषणाई यांतले काही नको; रात्री रान रानाचे राहू द्यावे. आणि फाटकापाशी एक फळा असावा. यंदा पाऊस किती पडला, नाला किती दिवस वाहिला, क्रमांक एकचा अंजन किती वाढला, हे त्यावर साध्या मराठीत लिहिलेले असावे. येणाऱ्या प्रत्येकाने तो फळा वाचून आत जावे. अभ्यास लोकांपर्यंत पोचण्याची याहून स्वस्त वाट आम्हाला ठाऊक नाही.

खर्च कोण करील, असे विचारले जाईल. मोजपट्टी, रंगाचा डबा, पर्जन्यमापक आणि वही यांना फारसा पैसा लागत नाही. पैसा लागतो तो मोजणाऱ्या माणसाच्या पगाराला, आणि तो एका वर्षाचा नव्हे, पन्नास वर्षांचा लागतो. उद्घाटनाला पैसा मिळणे सोपे असते. सातव्या वर्षीच्या मोजणीला तो मिळणे अवघड. म्हणून ज्यांना देणगी द्यायची आहे त्यांनी कमानीसाठी देऊ नये. एका मोजणीदाराच्या कायम पगाराची ठेव ठेवावी. कापसाच्या आणि शिक्षणाच्या संस्था ज्या तालुक्याने उभ्या केल्या, त्याला हे जड नाही.

आपल्या हयातीत पुरे न होणारे काम आरंभायला मन मोठे लागते. आंब्याची कोय पुरणाऱ्या म्हाताऱ्याची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. अभ्यासवन म्हणजे तीच गोष्ट आहे, फरक इतकाच की इथे कोय पुरल्याची तारीखही लिहून ठेवायची असते, म्हणजे फळ खाणाऱ्याला ती किती वर्षांनी फळली हे कळते. शिरपूरने पाण्याच्या कामात महाराष्ट्राला एक उदाहरण दिले. रानाच्या कामातही ते द्यावे, आणि ती वही पुढच्या पावसाळ्याच्या पहिल्या सरीपासून सुरू व्हावी, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.